लॉनमधला कोड्यात टाकणारा डाग : आधी खुरपं, मग औषध

गणपती गेले, पावसानं उघडीप दिली, की चार-सहा दिवसांच्या उन्हात घरापुढच्या लॉनचं खरं रूप बाहेर येतं. कुठं ताटाएवढा पिवळा गोल, कुठं सरळ वाळका पट्टा, कुठं भोवतीपेक्षा गर्द हिरवं कडं. पावसाळ्यात हरळीची निम्मी मुळं गेली तरी ओलीवर ती तग धरते, वरून काही कळत नाही. ऊन तापलं की गवत मान टाकतं. म्हणून सप्टेंबरचे शेवटचे पंधरा दिवस आणि ऑक्टोबर हा लॉन बारकाईनं बघायचा काळ.

आपल्याकडं नेमकी याच वेळी एक घाई होते. कोल्हापुरात घर शहरात असलं तरी बहुतेकांचं मन उसात असतं, आणि उसात वाळणारा डाग म्हटलं की पहिलं नाव मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचं. मग गावाकडच्या शेडमधून उसाचं औषध येतं आणि ज्या लॉनवर संध्याकाळी नातवंडं लोळतात त्यावर ओतलं जातं. शेडच्या कोपऱ्यात फोरेटच्या दाण्यांची जुनी पिशवी असेल तर तिला हातही लावू नका. ते औषध २०२० अखेरपासून देशात बंद आहे. माझं सांगणं एवढंच, की औषध आणायच्या आधी डागाच्या कडेला खुरपं घाला. मधलं गवत मेलेलं असतं, तिथलं कारण बऱ्याचदा निघून गेलेलं असतं. जिथं हिरवं आणि वाळकं भेटतं तिथं ते सापडतं.

गेल्या वर्षी कळंब्याकडच्या एका घरी असाच डाग बघायला गेलो होतो. साडेतीन फुटांचा, जवळजवळ पूर्ण गोल. बाहेरचं कडं वीतभर रुंद, गर्द हिरवं, बाकी गवतापेक्षा उंच. आतलं गवत पिवळट, मरगळलेलं. घरच्या काकींचा संशय शेजारच्या कुत्र्यावर. "रोज सकाळी हितंच येतंय बघा ते, त्यानंच जाळलंय." संशयाला आधार होता. कुत्र्याच्या मुतानं मधलं गवत जळतं आणि कडेचं तरारतं, कारण मध्ये नत्राचा मारा जास्त होतो आणि कडेला खताएवढाच पोचतो. पण तो डाग बशीएवढा, फार तर ताटाएवढा असतो, आणि वर्षानुवर्षं वाढत जात नाही. काकांनी मोबाईलमध्ये आदल्या गणपतीतला फोटो शोधला. नात आरतीचं ताट घेऊन उभी, आणि तिच्या मागं लॉनवर तेच कडं, दोनेक फुटांचं. वर्षभरात ते चारी बाजूंनी सारखंच नऊ-नऊ इंच पुढं सरकलं होतं. कुत्र्यावरचा आळ तिथंच गेला.

कडेला खुरपं घातलं. तीन दिवसांपूर्वी चांगली सर येऊन गेली होती, बाकी लॉनची माती ओली होती, पण हिरव्या कड्याच्या आतली माती राखेसारखी कोरडी. तांब्याभर पाणी ओतलं तर मुरेना, थेंब थेंब होऊन बाजूला पळालं. मातीत पांढऱ्या सुतासारखी जाळी, आणि ढेकूळ नाकाला लावलं तर अळंबीचा वास. मग काकींना आठवलं, जुलैत तिथं कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या आणि त्यांनी त्या उपटून टाकल्या होत्या. मधोमध दोन फूट खणल्यावर कुजलेला बुंधा लागला. प्लॉटवर पूर्वी आंबा होता. बांधकामाच्या वेळी तो कापून वर मुरूम पसरला होता आणि त्यावर लॉन घातलं होतं.

ही भूछत्राची बुरशी. गाडलेलं लाकूड खात ती गोलाकार बाहेर सरकते. कुजण्यातून सुटलेला नत्र गवताला मिळतो म्हणून कडं हिरवं. मागं तिच्या धाग्यांचा मेणचट थर मातीच्या कणांवर बसतो, पाणी आत जात नाही, म्हणून मधलं गवत तहानेनं मरगळतं. बुरशीनाशक ओतून इथं फारसं साधत नाही, कारण ते औषधही पाण्याबरोबर बाहेरच पळतं. आधी पाण्याला वाट करून द्यायला हवी. डागात आणि कड्याबाहेर फूटभरापर्यंत चार-चार बोटांवर सळीनं सहा इंच खोल भोकं पाडा. बादलीभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचा पातळ साबण मिसळून ते हळूहळू, दोन-तीन खेपांत मुरवा. पुढचे पंधरा दिवस एक दिवसाआड तिथं साधं पाणी जास्त द्या. बुंधा निघण्यासारखा असेल तर काढाच. खाद्य संपल्याशिवाय ही बुरशी जात नाही. बाकी लॉनचा रंग कड्याशी जुळवायचा असेल तर गुंठ्याला १ किलो युरिया ओलीवर सारखा फेकून लगेच पाणी द्या. छत्र्या दिसल्या की मुलांच्या हाती लागायच्या आधी काढून टाका. खायची अळंबी समजून त्या स्वयंपाकघरात कधीही नेऊ नका.

आता हुमणी. ती लॉनमध्ये येते, विशेषतः घर उसाच्या रानाला लागून असेल तर. आपल्या जिल्ह्यात नदीकाठची आणि माळावरची अशा दोन जातींची हुमणी आहे. माळावरच्या हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर दिवेलागणीला जमिनीतून निघतात, कडुलिंब-बाभळीवर जमतात, मग माद्या मातीत अंडी घालतात. त्या अळ्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मोठ्या होऊन मुळं कुरतडतात. ओळखायची खूण सोपी आहे. डागाच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं सगळंच उचललं गेलं आणि खाली मुळंच नसतील, तर हुमणी. फूटभर लांब-रुंद चौकोनात चार इंच खणून अळ्या मोजा. एक-दोन सापडल्या तर निरोगी हरळी त्या सोसते, काही करू नका. पाच-सहाच्या वर असतील तर उपाय हवा.

मोजण्याआधी आणखी एक परीक्षा करा, कारण शेणखतातून दुसऱ्याच अळ्या लॉनमध्ये आलेल्या असू शकतात. दिसायला तशाच, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या. अळी फरशीवर ठेवा. पाय वर करून पाठीवर सरपटत चालली, तर ती कुजकं खाणारी आहे; तिला खताच्या खड्ड्यात सोडा, तिथं ती कामाची आहे. कुशीवर पडून वळवळणारी ती हुमणी समजा.

मोठी झालेली हुमणी औषधाला दाद देत नाही. घरच्या दोन-तीन गुंठ्यांत ती खणून हातानं वेचणं हाच मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो. जोडीला हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी गुंठ्याला २०० ग्रॅम, चाळलेल्या मुरलेल्या शेणखतात मिसळून, संध्याकाळी ओल्या लॉनवर पसरा आणि पाणी द्या. हेच काम पुढच्या वर्षी जुलैत केलं तर अळ्या लहान असताना सापडतील. मे-जूनमध्ये वळीव पडला की अंगणातला हॅलोजन रात्री नऊपर्यंत बंद ठेवा, आणि दारचा लिंब हलवून भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात गोळा करा. शेजारच्या चार घरांनी मिळून केलं तरच याचा गुण येतो.

ओढल्यावर नुसती पातीच हातात आली, बुडाशी कुजलेली, आणि मुळं जागेवर राहिली, तर तो गवत करपवणाऱ्या बुरशीचा रोग. संध्याकाळचं पाणी आणि युरिया दोन्ही लगेच थांबवा, पाणी पहाटे द्या. हवा कोरडी होत जाईल तसा तो बहुधा आपोआप आटोक्यात येतो.

डाग चौकोनी किंवा वेडावाकडा असेल आणि दुपारी सर्वांत आधी तोच सुकत असेल, तर सळी खुपसून बघा. नव्या वसाहतींत भर टाकताना डबर, विटांचे तुकडे, सिमेंटचा गाळ तसाच राहतो. सळी चार इंचांवर अडली की कारण कळलं. ते काढून वीतभर चांगली माती भरा.

यातलं काहीच जुळलं नाही तर नमुना कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. नमुना कडेचा घ्या, अर्धा हिरवा, अर्धा वाळका, चार इंच मातीसकट. वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घामेजून कुजतो आणि मग मूळ रोग ओळखता येत नाही.

मोकळी झालेली जागा कोजागिरीच्या आसपास भरून घ्या. लॉनच्याच एखाद्या आडबाजूचे मुळांसकट तळहाताएवढे तुकडे काढून वीतभर अंतरावर लावा, पायानं दाबा, दहा दिवस ओल तुटू देऊ नका. दिवाळीपर्यंत ते एकमेकांना भिडायला लागतात. त्यानंतर थंडी पडली की हरळीची वाढ मंदावते, आणि उरलेली जागा फेब्रुवारीपर्यंत तशीच दिसत राहते.