माळ्यापासून मोरीपर्यंत: दिवाळीच्या साफसफाईची तयारी

आमच्याकडे साफसफाईचा मुहूर्त घटांवर ठरतो, दिवाळीवर नाही. घट बसायच्या आत गोधड्या, चादरी, अभ्रे धुऊन झालेच पाहिजेत, हा सासूबाईंचा नियम. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला तो उगीचचा वाटायचा. मग एकदा सगळं दिवाळीच्या आठवड्यावर ढकललं आणि चकल्यांच्या भाजणीशेजारी ओल्या गोधड्या वाळत घालायची वेळ आली. तेव्हापासून जाड धुणं पितृपक्षात. पाऊस अधूनमधून येतोच, पण दोन दिवसांचं ऊन मिळालं तरी गोधडी वाळते. दसरा ते लक्ष्मीपूजन असे साधारण 20 दिवस हातात असतात, ऑक्टोबरचं ऊन तापलेलं असतं, बाकी सगळं तेव्हा.

सोडा-लिंबाच्या युक्त्या मोबाइलवर रोज फिरतात. कशाआधी काय करायचं ते मात्र कोणी सांगत नाही, आणि माझी निम्मी मेहनत तिथेच वाया गेली आहे. फरशी पुसून मग पंखे पुसले. पेस्ट कंट्रोल करून मग ओटा धुतला. म्हणून ही यादी क्रमाने लिहिते: आधी फेकायचं, मग कोरडं झाडायचं, मग ओलं पुसायचं, मग औषध मारायचं, आणि सगळ्यात शेवटी पडदे.

फेकण्याची सुरुवात माळ्यापासून. घरातला उंच माणूस एका रविवारी मोकळा ठेवायचा, त्याला घडीची शिडी द्यायची (पलंगावर स्टूल ठेवून चढायचं नाही, आमच्या मजल्यावर एकाचा हात त्यातच मोडला) आणि तोंडाला रुमाल बांधून सगळं खाली उतरवायचं. तीन पोती तयार ठेवा: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. मिक्सरचं खोकं, वॉरंटी संपलेल्या टीव्हीचा थर्माकोल, लग्नात आलेले आणि कधीच न लावलेले लॅम्प, हे ‘ठेवायचं’ मध्ये जाऊ देऊ नका. रद्दीवाल्याला आणि भंगारवाल्याला त्याच संध्याकाळी बोलवा. रात्रभर पोती घरात राहिली की सकाळी त्यातलं अर्धं परत माळ्यावर जातं. जुने चार्जर, बॅटऱ्या, बंद पडलेले फोन ई-कचऱ्यात द्यायचे, ओल्या-सुक्याच्या डब्यात नाही. जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवेही वेगळे बांधा, त्यांत पारा असतो. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. तुमच्या सोसायटीत येणाऱ्या त्यांच्या माणसांना आधी विचारलंत तर गाद्या, जुनं फर्निचर यांचं काय करायचं तेही कळतं. बाहेरून सफाईची माणसं बोलवायची असतील, तरी हे काम त्यांच्याआधीच उरकायचं. नाहीतर आपण पैसे मोजून अडगळ पुसून घेतो.

सामान एकदाच आणून ठेवा. लांब दांड्याचा जळमटं काढायचा कुंचा, दोन बादल्या, जुन्या सुती साड्यांची आणि बनियनची भरपूर फडकी, तीन-चार जुने दातघासायचे ब्रश, काथ्या, रबरी हातमोजे, रद्दीचे कागद, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, लिंबूसत, पांढरं व्हिनेगर, भांडी घासायचं लिक्विड. एवढ्यावर घराचा मोठा भाग निघतो. रंगीत बाटल्यांचे पाच प्रकार लागत नाहीत.

कोरड्या कामात जळमटं पहिली, कोपऱ्यातून सुरू करून भिंतीभिंतीने. पंख्यासाठी धुवायला टाकायचाच असलेला एक अभ्रा घ्या. पंखा बंद करा, बटणावर कागद चिकटवा म्हणजे कोणी चुकून लावणार नाही. पातं अभ्र्याच्या आत जाईल असा तो चढवायचा, दोन्ही हातांनी वरून-खालून दाबायचा आणि हळूच मागे ओढायचा. वर्षाची धूळ राखाडी लोकरीसारखी आत जमा होते, गादीवर कणही पडत नाही. मग ओलं फडकं. स्लायडिंग खिडक्यांच्या चॅनलमधली माती आधी कोरड्या ब्रशने सैल करून व्हॅक्युमने किंवा सुपलीत ओढून घ्या. पाणी आधी ओतलंत तर चिखल होतो आणि तो पुढचा तासभर खातो. काचांना व्हिनेगरचं पाणी आणि रद्दीचा कागद. बाहेरची बाजू हात पोचेल तेवढीच. सहाव्या मजल्यावर ग्रिलवर उभं राहून काच पुसणाऱ्या बायका मी पाहते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

आता स्वयंपाकघर. याला दोन दिवस धरा, एक नाही. पहिल्या दिवशी डबे. तळाशी राहिलेली डाळ, मुदत संपलेले मसाले बाहेर, डबे धुऊन उन्हात, आणि फळ्या रिकाम्या असतानाच पुसून घ्यायच्या. तुरीच्या डाळीला एरंडेल, तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत असेल तर ती याच वेळी. तांदूळ मात्र खाण्याआधी नीट चोळून धुवा. दुसऱ्या दिवशी तेलकट काम. चिमणीची जाळी आधी बघा, स्टीलची आहे की ॲल्युमिनियमची. स्टीलची असेल तर उकळत्या पाण्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा आणि थोडं लिक्विड घालून अर्धा तास बुडवा, तेल आपसूक सुटतं. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावायचाच नाही, ते काळं पडतं आणि झिजतं. तिथे नुसतं गरम पाणी आणि लिक्विड. एक्झॉस्ट पंख्याची पाती सोड्याच्या फडक्याने पुसा, मोटरला पाणी लागू देऊ नका.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायचा प्रकार फार लोकप्रिय आहे. बघायला छान वाटतो, पण एक आम्ल, दुसरा अल्क. दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ साधं पाणी. तुंबलेल्या जाळीत फेसाने जरासा धक्का बसत असेल तेवढाच. चिकट तेलाला सोडा, पांढऱ्या डागाला आम्ल, असं वेगवेगळं वापरा.

आणि हे आम्ल कुठे लावायचं नाही, ते मी ओटा खराब करून शिकले. आमच्या जुन्या घरात कडप्प्याचा ओटा होता. नळाभोवतीचा पांढरा थर जावा म्हणून मी लिंबाच्या फोडी तिथे ठेवून झोपले. सकाळी थर गेला होता, पण ओट्यावर फोडींच्या आकाराचे फिकट, खरखरीत गोल उमटले होते. ते घर सोडेपर्यंत तसेच राहिले. कडप्पा, शहाबादी, कोटा, संगमरवर हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड, आणि नळावरचा पांढरा थरही चुन्याचाच. लिंबाला दोघांतला फरक कळत नाही. असल्या दगडांवर कोमट पाणी आणि लिक्विड, बस. ग्रॅनाइट आणि सिरॅमिक टाइल्स आम्लाला बऱ्यापैकी टिकतात.

टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत न्हाणीघराचं खरं दुखणं हा पांढरा थरच. लिंबूसताचे दोन चमचे पेलाभर गरम पाण्यात विरघळवा, त्यात फडकं भिजवून नळाला गुंडाळा, वीस मिनिटांनी ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. शॉवरच्या तोंडाला तेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून रबरबँडने बांधायचं. वॉशिंग मशीनलाही अधूनमधून लिंबूसत घालून गरम पाण्याचा एक फेरा रिकामा चालवा.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला तोंडाने सांगून ठेवा, मदतीला येणाऱ्या मावशींनाही. संडास साफ करायच्या बहुतेक लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद, लहानशा संडासात तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगर किंवा लिंबूसत आणि ब्लीच हेही तसंच. ‘दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ’ असं कोणी म्हणालं तर बाटली हातातून काढून घ्या. एका दिवशी एकच औषध, खिडकी उघडी.

देवाची भांडी, समया, तांब्याचा घंगाळ यांना चिंच-मीठ पुरतं. चिंच जरा भिजू द्या, घाई नको, आणि धुतल्या धुतल्या कोरडं पुसा, नाहीतर पाण्याचे डाग पडतात. चांदीला चिंच लावू नका. पातेल्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरून त्यावर चांदी, चमचाभर खाण्याचा सोडा आणि उकळतं पाणी. काळेपणा समोर उतरतो. खडे बसवलेलं काही त्यात टाकायचं नाही. पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या भिंतीला बुरशी आली असेल तर ती पुसण्याआधी ओल कुठून येते ते बघा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढे ओढलं तरी फरक पडतो.

मदतीबद्दल थोडं स्पष्ट बोलते. रोज येणाऱ्या मावशींकडून माळे, पंखे, खिडक्या करून घ्यायच्या असतील तर त्याचे पैसे आधी ठरवा आणि वेगळे द्या. दिवाळीला एक पगार बोनस द्यायची रीत आहे. तो वर्षभराच्या कामाचा असतो, जादा कामाचा मोबदला नाही. दोन्ही एकाच पाकिटात घालून ‘बघा हं, जास्त दिलेत’ म्हणणारी घरं मला माहीत आहेत. पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी 1980 साली संप केला होता, आणि 2008 मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. मावशींची मंडळाकडे नोंदणी झाली नसेल तर कागद जमवायला मदत करा, फॉर्म भरून द्या. शिडीवर त्यांना एकट्यानं चढवू नका, खाली कोणीतरी धरायला हवं.

डीप क्लीनिंगवाले कधी बोलवायचे? माझं मत: दरवर्षी नाही. नव्या घरात शिरताना, रंगकाम किंवा सुतारकाम झाल्यावर, भाडेकरू गेल्यावर, किंवा घरात आजारपण असून कोणाच्यात त्राण नसेल तेव्हा जरूर. सोफ्याचं शॅम्पूइंग, एसीची जेट सर्व्हिस, फरशीला मशीन, ही कामं घरी नीट होतही नाहीत. फोनवर भाव विचारताना ‘टू बीएचके किती’ एवढंच विचारू नका. कपाटं आतून की बाहेरून? आतून असतील तर रिकामी कोण करणार? चिमणी, पंखे, बाल्कनी धरलेत का? शिडी, व्हॅक्युम, औषधं त्यांची का? माणसं किती, तास किती? जीएसटी धरून की वेगळा? काही फुटलं तर काय? उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. दागिने, पैसे, कागदपत्रं आदल्या रात्रीच कुलपात. नळाला दिवसभर पाणी आहे ना, लिफ्टची दुरुस्ती त्या दिवशी नाही ना, हे सोसायटीत विचारा. गेटवर नावं देऊन ठेवा.

आणि त्या दिवशी घरी थांबा. मी एकदा चौघांना काम नेमून देऊन भाजी आणायला गेले. परत येते तर एक मुलगा संडासचंच फडकं पिळून बेसिन पुसत होता, आणि न्हाणीत फरशीच्या सांधांवर ॲसिड ओतून दार लावून घेतलेलं. सांधे पांढरेशुभ्र झाले खरे, पण आठवड्याभरात मोरीची स्टीलची जाळी आणि टॉवेलची दांडी तपकिरी गंजली. ॲसिडची वाफ स्टीलला खाते. आता मी संडासासाठी लाल फडकी माझीच काढून देते आणि ॲसिड वापरायचं नाही हे कामाआधी सांगते. मुलांवर मी चिडले नाही. कोणी शिकवलंच नव्हतं त्यांना, हातमोजेसुद्धा दिले नव्हते. दुपारी चहा आणि काहीतरी खायला द्या. सहा-सात तास उभ्याने काम असतं. पैसे देण्याआधी खोलीखोलीतून फिरून बघा, पंख्याच्या वरच्या बाजूला बोट लावून.

सोसायटीची पाण्याची टाकी साफ करायची असेल तर ती घरं धुऊन झाल्यावर नाही, आधी. टाकी हलली की दोन दिवस नळाला गढूळ पाणी येतं. आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये कोणालाही उतरवू नका, तयार असला तरी. 2013 च्या कायद्याने ते बंद आहे, आणि त्यात माणसं गुदमरून मरतात.

आता पेस्ट कंट्रोल. झुरळांसाठी घरगुती उपाय म्हणजे बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या; फ्रिजमागे, ओट्याखाली ठेवायच्या. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर हा उपाय विसरा. जेलवाले बोलावलेत तर सफाईनंतरच, कारण ते लावून गेलेले ठिपके झुरळांनी खायचे असतात. आपण ते पुसून टाकले किंवा वर स्प्रे मारला की पैसे पाण्यात. ढेकूण आणि वाळवी यांच्याशी घरी झगडू नका. ढेकणांची अंडी पहिल्या फवारणीतून वाचतात, दुसरी फेरी भावात धरली आहे का ते विचारा.

एव्हाना वसुबारस चार दिवसांवर आलेली असते. लक्ष्मीपूजनाची केरसुणी आताच आणा, आदल्या दिवशी बाजारात उरतात त्या विरळ असतात. पडदे मशीनमधून काढले की पिळून दोरीवर घालू नका. अर्धओलेच रॉडवर चढवा, खालची किनार हाताने ओढून सरळ करा आणि पंखा लावून ठेवा. स्वतःच्या वजनाने सुरकुत्या निघतात, इस्त्री लागत नाही. फक्त त्याआधी पंखा खरंच पुसलाय ना, तेवढं वर बघून घ्या.