३.७ व्होल्टचे १२ करताना या चुका टाळा

"व्होल्टेज वाढलं, मग करंट का नाही वाढत?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. बूस्ट मॉड्यूल, म्हणजे सेलचं कमी व्होल्टेज चढवून देणारं छोटं बोर्ड, ताकद तयार करत नाही. सेलमधून ३.७ व्होल्टला २ अँपिअर काढलेत, तर हातात ७.४ वॉट आले. त्यातले दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात आणि १२ व्होल्टला उरतो जेमतेम अर्धा अँपिअर. आधी कागदावर हा हिशोब करा, मग खरेदीला जा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलानं वीज गेल्यावर राउटर चालावा म्हणून एक १८६५० (३.७ व्होल्टचा लिथियम) सेल आणि एमटी३६०८ हे बूस्ट मॉड्यूल जोडलं. राउटर १२ व्होल्ट, १ अँपिअरचा. दिवे लागायचे, दोन सेकंदांत विझायचे, पुन्हा लागायचे. माल खराब आहे असं म्हणत त्यानं तीन मॉड्यूल बदलली, पण मीटर एकदाही लावला नाही. मी मीटर आधी सेलच्या टोकांना लावला. राउटर सुरू होताच ३.९ चे ३.३ झाले. मग मॉड्यूलच्या इनपुटला लावला, तिथे २.६. मधले ०.७ व्होल्ट जुन्या इअरफोनच्या केसासारख्या वायरीत जात होते. इनपुट पडलं की तेवढेच वॉट पुरवायला मॉड्यूल जास्त करंट ओढतं, त्यानं वायरीत आणखी पडतं, आणि शेवटी सगळं बसतं. १२ वॉटसाठी एका सेलमधून जवळपास ४ अँपिअर लागतात. या मॉड्यूलच्या जाहिरातीतले २ अँपिअर इनपुटकडचे असतात, आउटपुटचे नव्हे.

मी दोन सेल सिरीजमध्ये घेतले, टू-एसचं, म्हणजे सिरीजमधल्या दोन सेलसाठीचं, प्रोटेक्शन बोर्ड लावलं, जाड वायर टाकली आणि एक्सएल६००९ हे दुसरं बूस्ट मॉड्यूल बसवलं. इनपुटचा करंट २ अँपिअरच्या आत आला. राउटर चालला. एक्सएल६००९ला किमान ५ व्होल्ट लागतात, एका सेलवर ते लावू नका.

दुसरी चूक घाईची. नवं मॉड्यूल आलं की थेट लोड जोडायचा. मग मॉड्यूलवरचा, व्होल्टेज ठरवणारा पितळी स्क्रू फिरवायचा. दहा-बारा फेऱ्या काहीच होत नाही आणि मग व्होल्टेज एकदम चढतं. एमटी३६०८ २८ व्होल्टपर्यंत जातं. ५ व्होल्टच्या बोर्डाला तेवढे मिळाले की ते बोर्ड संपलं. लोड न लावता, मीटर बघत स्क्रू फिरवा. व्होल्टेज जमलं की मी स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकतो. हादऱ्यानं तो हलत नाही.

बाकीच्या थोडक्यात. उलट पोलॅरिटी दिलीत तर बहुतेक स्वस्त मॉड्यूल जागीच जातात. ब्रेडबोर्डवर १ अँपिअरच्या वर जाऊ नका, पट्ट्या तापतात. करंट वाढवायला सेल पॅरलल जोडायचे असतील तर आधी दोन्हींचं व्होल्टेज सारखं करा. एक भरलेला आणि एक रिकामा जोडलात तर भरलेला रिकाम्यात धडाधड ओततो.

आणि फ्यूज. बूस्टमध्ये इनपुट कॉइल आणि डायोडमधून सरळ आउटपुटला जोडलेलंच असतं. आउटपुट शॉर्ट झालं तर मॉड्यूल काही अडवत नाही, सेल सगळा करंट सोडतो. म्हणून फ्यूज सेलच्या अगदी जवळ हवा. त्या राउटरला मी ३ अँपिअरचा टाकलाय.