पहिल्या सेमिस्टरची पिशवी

इंदूरमध्ये एमबीएच्या पहिल्या सेमिस्टरला बसणाऱ्या ज्युनियरांनो, पिशवीत काय घ्यायचं ते सांगते. सगळ्यात आधी कॅल्क्युलेटर, कारण माझे नऊ मार्क तिथेच गेले. दादाचा इंजिनिअरिंगच्या वेळचा कॅसिओ एफएक्स-९९१एमएस घरात पडून होता, तोच घेऊन एमबीएच्या पहिल्या सेमिस्टरला बसले. आठ आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, काढायचं होतं. बटणं दाबली, उत्तर आलं, लिहिलं, चुकलं. त्या यंत्रात शिफ्ट आणि २ दाबलं की दोन सिग्मा (प्रमाण विचलनाचं चिन्ह) शेजारी शेजारी दिसतात. एकात एनने, म्हणजे आकड्यांच्या संख्येने, भागलेलं असतं, दुसऱ्यात एन वजा एकने. हातात अख्खी लोकसंख्या (ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते सगळे) नसून नमुना असेल तर दुसरा घ्यायचा. मी पहिला घेतला. आधीच्या गणिताचे आकडे मेमरीत तसेच राहिले असतील तर आणखीच घोळ, म्हणून दरवेळी शिफ्ट-क्लिअर करून मगच नवे आकडे भरायची सवय जूनमध्येच लावून घ्या. नवं यंत्र घेणार असाल तर परीक्षेला कुठलं मॉडेल चालतं ते सीनियरला विचारा, मग पैसे घाला.

आणि एक दुपार काढून हे हाताने करा: १२, १५, ११, १८, १४, १६, १३, २१. बेरीज १२०, सरासरी १५. प्रत्येक आकड्यातून १५ वजा करा, वर्ग करा, बेरीज ७६ येते. आठने भागून वर्गमूळ घेतलंत तर ३.०८, सातने भागलंत तर ३.३०. सातच का? सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज नेहमी शून्य येते. सात फरक कळले की आठवा आपोआप ठरतो, त्याला बिचाऱ्याला मोकळीकच नाही. डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात ते एवढंच. छोट्या नमुन्यांसाठीच्या टी-टेबलमध्ये याच सातच्या ओळीत दोन्ही बाजूंच्या ५ टक्क्यांखाली २.३६५ सापडतो, मोठ्या नमुन्यांसाठी आपण पाठ केलेला १.९६ नव्हे. म्हणजे खरी सरासरी साधारण १२.२ ते १७.८ च्या मध्ये कुठेतरी असावी, इतकंच ९५ टक्के भरवशाने म्हणता येतं. आठ आकड्यांच्या जिवावर याहून जास्त बोलायची सोय नाही. हे टेबल ज्याच्या कामातून आलं तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होता; तिथे नमुने थोडेच हाती यायचे. १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लेख छापला. ‘स्टुडंट्स टी म्हणजे विद्यार्थ्यांसाठी सोपी केलेली टेस्ट’ असं व्हायव्हात सांगणारा एक महाभाग आमच्या वर्गात होता. आता तो बँकेत आहे.

पुस्तकं खजुरी बाजारात मिळतात, राजवाड्यापासून चालत. जुनी घ्यायला हरकत नाही, पण पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ सोडून आधी शेवटची पानं बघा. झेड, टी, काय-स्क्वेअर आणि एफची टेबलं तिथे असतात, आणि मागच्या मालकाने नेमकी तीच फाडून परीक्षेला नेलेली असतात. फायनान्सच्या पुस्तकात तसंच वर्तमान मूल्याचं टेबल तपासा. संख्याशास्त्राचं पुस्तक वीस वर्षं जुनं असलं तरी चालतं. काय-स्क्वेअर ही चाचणी १९०० सालची आहे, तिला काही होत नाही. फायनान्सचं पुस्तक मात्र दह्यासारखं आंबतं. आत १९५६ चा कंपनी कायदा चालू असेल, किंवा कंपनीने लाभांशावर कर भरायची गणितं असतील, तर ठेवून द्या. तो कर २०२० मध्ये गेला, आता लाभांशावर कर भागधारक भरतो, आणि कंपनी कायदा २०१३ चा आहे. दुकानदार म्हणेल, ‘दीदी, यही चल रही है.’ चालत नाही.

एक वही भाषेसाठी ठेवा. हे बाकी कुणी सांगणार नाही, कारण ही अडचण आपली आहे. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, वर्गात इंग्रजी. मराठी पुस्तकात मीनला मध्य आणि मीडियनला मध्यक म्हणतात. हिंदीत माध्य आणि माध्यक, कुठे माध्यिका. स्टँडर्ड डेव्हिएशन आपल्याकडे प्रमाण विचलन, हिंदीत मानक विचलन. कानाला सगळं सारखंच वाटतं आणि उत्तरपत्रिकेत गडबड होते. वहीत तिन्ही शब्द आणि खाली घरच्या भाषेत एक वाक्य लिहा. माझ्या वहीत पी-व्हॅल्यूच्या खाली लिहिलं होतं: ‘खरं तर काहीच फरक नसता, तरी इतका किंवा याहून जास्त फरक नुसत्या योगायोगाने दिसायची शक्यता.’ आईला वाचून दाखवलं, तिला कळलं, मग मलाही कळलं.

लॅपटॉपवर एक्सेल असतंच. त्यात डेटा अ‍ॅनालिसिस टूलपॅक ॲड-इन्समध्ये जाऊन चालू करावं लागतं, ते घरी करून ठेवा, लॅबमध्ये शोधत बसू नका. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. जामोवी, पीएसपीपी आणि आर तिन्ही फुकट आहेत. एक्सेलचे दोन सापळे आत्ताच माहीत करून घ्या. पहिला वरचाच: एसटीडीईव्ही डॉट एस नमुन्यासाठी, डॉट पी पूर्ण लोकसंख्येसाठी. दुसरा एनपीव्हीचा, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांच्या आजच्या मूल्यातून आज घातलेले पैसे वजा करून उरतं त्याचा. समजा आज १,००,००० घातले आणि पुढची तीन वर्षं दर वर्षअखेर ४५,००० आले. दर १२ टक्के. हाताने केलंत तर आलेल्या पैशांचं आजचं मूल्य १,०८,०८२, त्यातून लाख वजा, उरले ८,०८२. हेच चारही आकडे एक्सेलच्या एनपीव्हीमध्ये कोंबलेत तर ७,२१६ दिसतं. एक्सेल पहिला आकडासुद्धा वर्षअखेरचा समजतं आणि सगळंच एक वर्ष पुढे ढकलतं. आजचा लाख कंसाच्या बाहेर ठेवायचा. हा सापळा मला इंटर्नशिपमध्ये सापडला, तोसुद्धा साहेबांच्या शीटमध्ये. गप्प बसले.

वर्ग सुरू व्हायच्या आधी एका कंपनीचे तीन वर्षांचे वार्षिक अहवाल वाचा. तीन कंपन्यांचा एकेक नको, एकीचेच तीन. पहिल्यांदा बघायचं ते आकडे लाखांत आहेत की कोटींत, आणि स्टँडअलोन (एकट्या कंपनीचे) आहेत की कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून). अर्ध्या वर्गाचे रेशो इथेच बिघडतात: नफा एका पत्रकातून, भांडवल दुसऱ्यातून. मग कॅश फ्लो उघडून नफा आणि प्रत्यक्ष हातात आलेला पैसा यात किती अंतर आहे ते बघा, टीपा वाचा. आपल्या माळव्यात सोयाबीनची कंपनी घेतलीत तर एक गंमत दिसेल. पीक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतं, खरेदी पुढचे काही महिने चालते, आणि ताळेबंद ३१ मार्चचा. त्या दिवशीचा गोदामातला साठा म्हणजे वर्षभराचा सरासरी साठा नव्हे. पुस्तकातला इन्व्हेंटरी टर्नओव्हरचा (साठा वर्षात किती वेळा फिरतो त्याचा) फॉर्म्युला बरोबर वापरूनही निष्कर्ष तिरका येऊ शकतो. तिमाही आकडे मिळाले तर ते शेजारी ठेवा.

पैशाचं कालमूल्य समजायला पुस्तकातला ‘मिस्टर एक्स’ पुरत नाही. आपल्या गावातलं उदाहरण घ्या. हुकुमचंद कापड मिल १९९२ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ ला दिले गेले, सुमारे ४,८०० कामगारांसाठी. मध्ये ३१ वर्षं. आठ टक्के दर धरा (हा मी धरलेला आहे, तुम्ही वेगळा धरून बघा). १.०८ चा एकतिसावा घात १०.८७ येतो. म्हणजे २०२३ मध्ये हातात आलेला लाख रुपया १९९२ च्या हिशेबाने जेमतेम ९,२०० रुपये. मग दर ६ टक्के करा, १० करा, आणि उत्तर किती हलतं ते बघा. डिस्काउंट रेट (पुढचा पैसा आजच्या मूल्यावर आणायचा दर) कुठून आणायचा हा फायनान्समधला सगळ्यात अवघड प्रश्न का आहे ते त्या एका तक्त्यात दिसेल. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघत आपण सगळेच मोठे झालोय. हे गणित मी पहिल्यांदा केलं त्या वर्षी झांकी बघताना डोक्यात तेच होतं.

बीटा (बाजार हलला की शेअर किती हलतो ते), सीएपीएम (जोखमीवरून अपेक्षित परतावा काढायचं मॉडेल) वगैरेची आत्ता घाई नाही. मार्कोविट्झचा पोर्टफोलिओवरचा लेख १९५२, शार्पचा सीएपीएमवरचा १९६४, दोघांना मिलरसोबत १९९० चं अर्थशास्त्राचं नोबेल, एवढं एका मार्कापुरतं. करायचंच असेल तर एका शेअरचे आणि निफ्टीचे साठ महिन्यांचे भाव उतरवा, दोन्हींचे मासिक परतावे काढा, एक्सेलचं स्लोप लावा, येतो तोच बीटा. परतावे म्हणतेय, भाव नाही. भावांवर स्लोप लावणारे दरवर्षी निघतात.

फाइल, पेनड्राइव्ह, पांढरा शर्ट हे सगळं आई आठवण करून देईलच.

आता संशोधनपद्धती. या विषयाला सगळे ‘थिअरी आहे, रात्री वाचून होतं’ म्हणतात, आणि प्रोजेक्टच्या वेळी हाच सगळ्यांना रडवतो. तुमच्या बॅचमध्ये निम्म्या जणांचा विषय ‘यूपीआय आणि छोटे दुकानदार’ असणार हे मी आजच लिहून देते. असू दे, विषय वाईट नाही. पण जाण्याआधी ठरवा की दुकानदार म्हणजे कोण आणि त्यांची यादी कुठे आहे. छप्पन दुकान या खाऊगल्लीला यादी सोपी, नावातच आकडा आहे. सराफ्याचं तसं नाही. दुपारी चारला गेलात तर सोन्या-चांदीची दुकानं. त्यांची शटरं पडल्यावर त्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. एकच गल्ली, दोन वेगळ्या लोकसंख्या.

आम्ही चौघी रात्री अकराला गेलो होतो. ज्यांच्यापुढे गर्दी होती त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मोकळे होते त्यांनी प्रेमाने सगळी उत्तरं दिली. घरी येऊन आम्ही निष्कर्ष लिहिला की यूपीआयमुळे विक्रीत फारसा फरक पडलेला नाही. सरांनी एकच विचारलं, ‘ज्यांच्याकडे गिऱ्हाईक नाही त्यांनाच विचारलंत ना?’ नॉन-रिस्पॉन्स बायस हा शब्द त्या दिवशी कळला. गाड्या लागत असतात तेव्हा, आठच्या सुमाराला जा. आणि हसून बोलतो त्यालाच गाठायचा मोह आवरा. एका टोकापासून मोजत दर पाचवी गाडी. पीक-कापणीच्या पाहणीत संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी हाच आग्रह धरला होता: पीक चांगलं दिसतं तो तुकडा निवडायचा नाही, यादृच्छिक पद्धतीने येईल तो कापायचा. साताऱ्याकडचा हा माणूस पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचा प्रमुख झाला. व्हायव्हात नाव घ्या, परीक्षक मराठी असेल तर खूश होईल.

नमुना किती घ्यायचा? सीनियर सांगतील, ३८४. का ते विचारा, गप्प होतील. १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग, आलं ३८४. ९५ टक्के खात्री, ५ टक्के चूक, आणि लोकसंख्या खूप मोठी, असं धरून. तुमची लोकसंख्या मोठी नसेल तर हा आकडा खाली येतो. ३०० गाड्या आहेत असं धरलं तर १६९ पुरतात. ५६ दुकानांसाठी ४९ येतात. मग नमुना कशाला, सात जणांनी काय घोडं मारलंय, सगळ्यांनाच विचारा.

प्रश्नावली हिंदीत करा, आणि मूळ न बघता एखाद्या मैत्रिणीकडून ती परत इंग्रजीत करून घ्या. अर्थ कुठे सांडला ते लगेच दिसतं. ‘यूपीआयमुळे विक्री वाढली आणि हिशेब सोपा झाला का?’ हे दोन प्रश्न आहेत, तोडा. उलाढाल थेट विचारलीत तर समोरचा तुम्हाला नगर निगमची माणसं समजेल. शेवटी विचारा, आकड्यांचे टप्पे देऊन. स्वच्छतेबद्दल विचारणार असाल तर आणखी सांभाळून. स्वच्छतेत २०१७ पासून अनेक वर्षं देशात पहिला नंबर मिळवलेल्या शहरात ‘तुम्ही कचरा कुठे टाकता?’ याला एकच उत्तर मिळतं. विचारण्यापेक्षा अर्धा तास उभं राहून मोजा. फोन नंबर घेऊ नका, त्याची गरज नसते. आणि फॉर्म हॉस्टेलवर बसून भरायचा विचार असेल तर ऐका: खऱ्या फॉर्ममध्ये कुणी प्रश्न सोडतो, कुणी दोन चौकोनांच्या मध्ये खूण करतो, कुणी सगळीकडे तीन नंबरच देतो. खोटे फॉर्म फार नीटनेटके असतात. सरांना गठ्ठा उचलताच कळतं.

सगळं करण्याआधी दहा फॉर्मची चाचणी घ्या. पावसाळ्यातली एखादी उघडीप बघून सराफ्यात जा, कुठल्या प्रश्नाला लोक ‘मतलब?’ विचारतात ते समासात लिहा. भुट्ट्याचा (मक्याचा) कीस दहावा फॉर्म पिशवीत गेल्यावरच घ्यायचा. आमचे चार फॉर्म तुपाच्या बोटांनी इतके पारदर्शक झाले होते की मागच्या पानावरच्या खुणा पुढच्या पानावर मोजल्या गेल्या.