परदेशातून कॅमेरा मागवताना या चुका टाळा

हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले, की आमच्या परिचयातले दोघे-तिघे तरी नव्या कॅमेऱ्याच्या शोधात असतात, आणि त्यांतला एखादा हटकून विचारतो, की जपानमधल्या संकेतस्थळावर तोच कॅमेरा बराच स्वस्त दिसतो, तर तो तिथूनच मागवायला काय हरकत आहे? हरकत काहीच नाही. वैयक्तिक वापरासाठी वस्तू मागवायला आयात-निर्यात कोड, म्हणजे व्यापाऱ्यांना सरकारकडून घ्यावा लागणारा क्रमांक, लागत नाही. मात्र पार्सल मुंबईला अडकले, की त्याचे मूळ बहुतेक वेळा पुण्यात बसून ऑर्डर देताना आपणच केलेल्या एखाद्या चुकीत सापडते.

किमतीचा अर्धवट हिशेब

येनचे किंवा डॉलरचे रुपये करायचे आणि तो आकडा पुण्यातल्या दुकानातल्या किमतीशेजारी ठेवायचा, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दुकानातल्या किमतीत जीएसटी आधीच धरलेला असतो, तर परदेशातल्या किमतीवर इथले सगळे कर अजून चढायचे असतात. सीमाशुल्क, म्हणजे आपली कस्टम ड्युटी, ही वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर आकारली जाते. विम्याची रक्कम कागदोपत्री कळत नसेल, तर वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरली जाते. समजा, कॅमेरा १,००,००० रुपयांचा आहे, वाहतूक व विम्याचे मिळून ५,००० रुपये झाले, आणि केवळ पद्धत समजावी म्हणून शुल्क २० टक्के, शुल्काच्या रकमेवर अधिभार १० टक्के व जीएसटी १८ टक्के धरला. शुल्क २१,००० रुपये होईल, अधिभार २,१०० रुपये, आणि जीएसटी या सगळ्यासकट झालेल्या १,२८,१०० रुपयांवर लागून २३,०५८ रुपये होईल. म्हणजे एक लाखाचा कॅमेरा दारात येईपर्यंत १,५१,१५८ रुपयांना पडला. प्रत्यक्षातले दर वस्तूच्या वर्गीकरणावर ठरतात आणि अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, त्यामुळे ऑर्डर देण्याच्या दिवशी कुरिअर कंपनीकडून ते लेखी मागवून घ्यावेत. कार्डावर बँक लावते ते परकीय चलनाचे शुल्क, तसेच कुरिअर कंपनी आपल्या वतीने ड्युटी भरते त्याबद्दलची तिची फी, हेही त्याच कागदावर लिहावे. एवढे करूनही फरक राहत असेल, तरच पुढे जावे.

‘गिफ्ट’ लिहून पाठवा, असे कधीही सांगू नये

काही विक्रेते स्वतःहून सुचवतात, की खोक्यावर ‘गिफ्ट’ लिहू आणि बिल शंभर डॉलरचे करू. याला मी कळकळीने विरोध करतो. ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना पूर्वी असलेली सूट राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता डिसेंबर २०१९ मध्येच काढून टाकण्यात आली, त्यामुळे त्या शब्दाने आता काहीच वाचत नाही. शिवाय कॅमेऱ्याच्या खोक्यावर मॉडेलचे नाव ठळक छापलेले असते आणि त्याची बाजारातली किंमत अधिकाऱ्याला मिनिटभरात सापडते. खोटी किंमत दाखवल्यास सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १११ नुसार माल जप्त होऊ शकतो आणि कलम ११२ नुसार दंडही होऊ शकतो. यात आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही: पार्सल वाटेत गहाळ झाले, तर भरपाई जाहीर केलेल्या किमतीच्या आधारेच मागता येते, म्हणजे लाखाच्या वस्तूबद्दल हातात शंभर डॉलर पडतील.

नाव आणि केवायसी

इथे चूक माझीच झाली होती. पॅन कार्डावर माझे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही पूर्ण आहे. ऑर्डर देताना मात्र मी घाईत एक आद्याक्षर आणि आडनाव एवढेच भरले. कुरिअरच्या केवायसीत नाव जुळेना, पार्सल नऊ दिवस मुंबईत पडून राहिले आणि त्या दिवसांचे साठवणुकीचे भाडेही मलाच भरावे लागले. तेव्हापासून पॅन कार्ड समोर ठेवून, त्यावर आहे तसेच अक्षरन् अक्षर नाव भरतो. पार्सल अडकलेच, तर मूळ बिल, पैसे भरल्याचा कार्डाचा किंवा बँकेचा उतारा आणि विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट एकाच ईमेलमध्ये पाठवावा. एकेक कागद पाठवत राहिल्यास प्रत्येक वेळी नव्याने रांगेत उभे राहिल्यासारखे होते. टपालाने आलेल्या पार्सलची ड्युटी ते ताब्यात घेताना टपाल खात्याकडे भरायची असते. ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये आहे, या लिंकवर पैसे भरा’ असा संदेश आल्यास लिंक उघडू नये. सीमाशुल्क विभागाच्या पत्रांवर ओळख क्रमांक असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

जादा बॅटरी स्वतंत्र मागवू नये. सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे आणि एका बॅटरीपायी सगळे पार्सल परत जाऊ शकते. कॅमेऱ्यासोबत खोक्यात येते तेवढी पुरेशी समजावी, दुसरी इथे घ्यावी.

मॉडेल कोणत्या देशाचे आहे, हे मात्र बारकाईने पाहावे. जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी भाषेत असतो. बॉडीची वॉरंटीही बहुधा विक्रीच्या देशापुरतीच असते, म्हणजे इथल्या सेवा केंद्रात पूर्ण पैसे मोजावे लागतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखालच्या व्हिडिओत पट्टे दिसू लागल्यास कॅमेरा बिघडला असे समजू नये. व्हिडिओचे सेटिंग एनटीएससीवरून (६० हर्ट्झच्या विजेला जुळणारी पद्धत) पाल (५० हर्ट्झला जुळणारी) करावे आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर वेगळे निर्बंध आहेत, त्यामुळे जुनी लेन्स मागवण्याआधी कुरिअर कंपनीला ते स्पष्ट विचारावे.

खोके दारात आले, की सही करण्याआधी त्याच्या सहाही बाजूंचे चित्रीकरण करावे. चिकटपट्टी दुहेरी लावलेली दिसली किंवा कोपरा चेपलेला असेल, तर कुरिअरवाल्याच्या देखत तसे नोंदवून घ्यावे, आणि मोबाइल बंद न करता खोके उघडून तळपट्टीवरचा अनुक्रमांक बिलाशी जुळवावा. हे सलग चित्रीकरण हाताशी असले, की विक्रेत्याला किंवा विमा कंपनीला वाद घालायला जागा उरत नाही.

नात्यातले कोणी परदेशातून येणार असेल, तर कॅमेरा त्यांच्यासोबत आणणे अनेकदा सोपे पडते. मात्र सामानावरील शुल्कमाफीची मर्यादा प्रत्येक प्रवाशाची स्वतंत्र असते, आणि काका-काकूंची मर्यादा एकत्र करून एकाच कॅमेऱ्याला लावता येत नाही. आपलाच कॅमेरा घेऊन परदेशी निघाला असाल, तर जाताना विमानतळावर सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना तो बाहेरून विकत आणलेला नाही हे त्या कागदावरूनच दाखवता येते.