दोनच पेग घेतले? मग या चुका टाळा

‘मी दोनच घेतले’ असं कुणी म्हटलं की विचारावं, दोन म्हणजे किती मिली? उत्तर येत नाही. दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय. तरी बसणारे बसतात. निदान मोजून तरी बसावं.

डोळ्याने ओतणं

स्मॉल म्हणजे ३० मिली, लार्ज म्हणजे ६०. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के छापलेलं असतं, म्हणजे एका स्मॉलमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. बारमध्ये मापाने ओततात. घरी, गच्चीवर, शेतावर मात्र बाटली तिरकी करून समोरचा ‘बस बस’ म्हणेपर्यंत धार सुरू. रुंद बुडाच्या ग्लासात ५० मिलीसुद्धा ‘छोटाच’ दिसतो. विश्वास नसेल तर नेहमीच्या ग्लासात अंदाजाने स्मॉलएवढं पाणी ओता आणि खोकल्याच्या औषधाच्या खुणांच्या टोपणाने मोजा.

गटारीच्या रात्रीचा नेहमीचा हिशेब घ्या. गडी सत्तर किलोचा. साडेसातला मटण चुलीवर चढलं, तोवर एक स्ट्राँग बीअर. मग खंबा (७५० मिलीची बाटली) उघडला, तीन ‘स्मॉल’. त्याच्या लेखी एक बीअर, तीन पेग, ‘काही विशेष नाही’. आता मोजू. ६५० मिलीची ८ टक्क्यांची बीअर म्हणजे ४१ ग्रॅम, चार स्मॉलएवढी. तीन पेग प्रत्यक्षात ५० मिलीचे, म्हणजे आणखी ५० ग्रॅम. एकूण नऊ स्मॉल पेग. रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं (१०० मिली रक्तामागे). या वेगाने त्याला गाडी चालवण्याच्या कायदेशीर मर्यादेखाली, म्हणजे ३० मिलिग्रॅमच्या खाली यायला सकाळचे सहा-साडेसहा वाजतात. माणसागणिक हे कमीजास्त होईल. पण पठ्ठ्या साडेअकराला बाइकची किल्ली शोधत असतो, आणि कुणी अडवलं तर म्हणतो, ‘तीनच तर घेतले.’

उपाय साधा आहे. पेगमाप विकत घ्या आणि बाटलीशेजारीच ठेवा. त्याहून बरं म्हणजे स्वस्त पडतो म्हणून खंबा आणायचाच नाही. ९० मिलीची छोटी बाटली आणा. संपली की संपली. खंब्यात पंचवीस स्मॉल असतात आणि उघडी बाटली समोर असताना ‘आज एवढंच’ म्हणणाऱ्यावर आमचा तरी विश्वास नाही.

अर्ध्या ग्लासात भर घालू देणं

यजमान प्रेमळ असतो, ग्लास रिकामा दिसला की त्याला करमत नाही. अर्ध्या ग्लासात ‘थोडी टाकतो’ म्हणत तीन वेळा भर पडली की पेग किती झाले हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ग्लास पूर्ण रिकामा झाल्याशिवाय नवी ओतू द्यायची नाही. हात आडवा धरायचा. तरी आग्रह झालाच, तर त्याच ग्लासात सोडा भरून हातात ठेवा, भरलेल्या ग्लासाकडे कुणी बघत नाही. राउंडच्या भानगडीत तर पडूच नका, त्यात सगळ्यांचा वेग सर्वांत घाईच्या माणसाइतका होतो.

‘बीअरच तर आहे’

हिशेब वर आलाच. बाटलीवरचा टक्का वाचा: तेवढीच माइल्ड बीअर ५ टक्क्यांची असेल तर अडीच पेग, स्ट्राँग असेल तर चार. गोव्यात मार्च ते मे हाच घोळ हुर्राकचा, म्हणजे काजूच्या बोंडांपासून काढलेल्या दारूचा. लिंबूसोडा, मीठ, चिरलेली मिरची, सरबतासारखं जातं. पण ती साधारण १५ टक्क्यांची असते. ग्लासात १०० मिली ओतली तरी एका स्मॉलपेक्षा जास्तच झाली, आणि तिथे तहान लागली म्हणून प्यायली जाते. तहान पाण्याने भागवा, मग हुर्राककडे वळा.

जेवण शेवटी ठेवणं

आपल्याकडे ताट वाढलं की बैठक मोडते, म्हणून जेवण लांबवत नेतात. रिकाम्या पोटातून दारू झटकन आतड्यात उतरते आणि रक्तात एकदम चढते. खारे शेंगदाणे आणि फरसाण हे जेवण नव्हे, मिठाने उलट तहान वाढते. बसण्याआधी दोन अंडी, उसळ-भाकरी, नाहीतर दहीभात पोटात जाऊ द्या. ताटं नऊला वाढा. मटण नऊला शिजत नसेल तर सातला चढवा.

बाकी चुका थोडक्यात. पाणी जास्त घातलं की दारू कमी होत नाही, पेग तेवढाच राहतो. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी काही उतरत नाही, कॉफीने झिंगलेला माणूस फक्त जागा राहतो. दोन पेगांमध्ये एक ग्लास पाणी आणि निदान एक तास. नवशिक्यांना पहिला पेग ‘चढतच नाही’ म्हणून पंधरा मिनिटांत दुसरा हवा असतो, पण दारूचा जोर दिसायला अर्धा ते दीड तास लागतो. झोपेची गोळी त्या रात्री नको. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर रिकाम्या पोटी अजिबात नको, साखर धोकादायक खाली येते.

आउट झालेल्याला उताणं झोपवून ‘उतरेल सकाळी’ म्हणून निघून जाऊ नका. उलटी श्वासनलिकेत गेली तर जीव जातो, आणि शेवटच्या पेगनंतरही रक्तातलं प्रमाण काही वेळ वाढतच असतं. कुशीवर झोपवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, कुणीतरी जवळ बसा. हाका मारून जागा होत नसेल, श्वास फार संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर पडले असतील तर १०८ फिरवा, लिंबू पिळत बसू नका.

श्रावण पाळायचा म्हणून एकदम बंद

कधीमधी घेणाऱ्याने खुशाल बंद करावी. रोज क्वार्टर-हाफ (१८० ते ३७५ मिली) लागणाऱ्याने मात्र गटारीच्या दुसऱ्या दिवशी एकदम थांबण्याआधी डॉक्टर गाठावा. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास, बरळणं. घरचे याला ‘नाटकं’ म्हणतात, कुणी देवऋषी बोलावतो, आणि अर्धवट शहाणा मित्र ‘औषध म्हणून’ पुन्हा पेग भरतो. हे दवाखान्यात सांभाळण्याचं दुखणं आहे: डॉक्टर ठरावीक दिवस उतरत्या डोसची औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. कुठे जायचं कळत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. फोन करताना रोजचं प्रमाण मिलीत सांगा, आणि शेवटचा पेग किती वाजता घेतला तेही.