मे महिन्यात बेळगावात मुलांना कुठं न्यावं?

पुण्या-मुंबईची नातवंडं सुट्टीला आली की पहिल्याच रविवारी गोकाकला गाडी काढणारे पुष्कळ आहेत. मेमध्ये तेवढं करू नका. घटप्रभेचं पाणी त्या दिवसांत कड्यावरून जेमतेम ओघळतं आणि खडक तापलेला असतो. 52 मीटरचा तो धबधबा बघायचा तर भर पावसाळ्यात. उन्हाळ्याला आपलं गावच पुरतं, फक्त वेळ साधायला हवी.

मी शहापूरची. प्राथमिक शाळेत शिकवत होते तेव्हाही आणि आता आजी म्हणूनही माझा नेम एकच: मुलांना घेऊन उजाडताच निघायचं, ऊन चढायच्या आत घरी, मग थेट पाचनंतर. मधली दुपार पत्ते, कैरीचं पन्हं आणि झोप यांची.

सकाळी टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो. एवढी जुनी, दाट झाडी गावाच्या मधोमध उरली आहे हे आपलं भाग्य, आणि ती तशीच राहावी असं मला मनापासून वाटतं. नुसतं ‘चला फिरायला’ म्हटलं तर मुलं कंटाळतात. त्यांना काम द्या. खाली पडलेल्या शेंगा, बिया, पानं गोळा करायची. झाडाचं काही तोडायचं नाही. घरी आल्यावर वहीत चिकटवून नावं शोधायची. पायांत बूट हवेत. खाऊची पाकिटं घरीच ठेवा, पाण्याची बाटली पुरे. येताना काँग्रेस विहीर दाखवा. 1924 चं अधिवेशन इथं टिळकवाडीत भरलं, गांधीजी अध्यक्ष होते आणि पाण्याची सोय म्हणून ती विहीर खोदली. हजारो माणसांना पाणी कसं पुरवायचं, हा प्रश्न मुलांना टाकून बघा. घरी पोचेपर्यंत बोलत राहतात.

संध्याकाळी मात्र रोज नवी बाग शोधू नका. घराजवळची एकच धरा. आम्ही शहापूरच्या शिवाजी उद्यानात जातो. घसरगुंडी, झोपाळा यांत सुरुवातीचे दिवस जातात, मग ओळखी होतात आणि खरा खेळ सुरू होतो. पुण्याचं पोर ‘बा, आडोण’ म्हणत कन्नड मित्रांना बोलवायला लागतं, ते ऐकून मला फार समाधान वाटतं. पिशवीत एक रबरी चेंडू, उड्या मारायची दोरी आणि लगोरीसाठी फुटक्या कौलाचे सात तुकडे ठेवा. कडा दगडावर घासून बोथट करून घ्या, बोटं कापत नाहीत. क्रिकेटवाल्या मोठ्या मुलांना लेले मैदानावर पाठवा. बागेत लहानग्यांच्या अंगावर चेंडू येतो.

पोहणं शिकवायचं तर याच सुट्टीत. गोवावेसला जलतरण तलाव आहे. उन्हाळ्यात गर्दी होते, म्हणून परीक्षा संपायच्या आधीच चौकशी करून ठेवा. खेड्यात पाहुणे असतील तर पाठीला डबा बांधून विहिरीतही शिकता येतं, पण दोर धरून काठावर पट्टीचा पोहणारा हवाच. धरण, नदीचा डोह, पाण्यानं भरलेली दगडाची खाण इथं मुलांना एकटं सोडू नका. मित्र बरोबर आहेत म्हणून तर मुळीच नाही. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. दर उन्हाळ्यात अशी बातमी येते, ती वाचायला नको वाटते.

एक दिवस येळ्ळूरच्या राजहंसगडासाठी ठेवा. वर सावली कमी, वारा मात्र भरपूर. पाचच्या सुमारास चढा. पश्चिमेला ढग काळे झाले की लगेच खाली उतरा, कारण वळीव सांगून येत नाही आणि उघड्या माथ्यावर विजेचं भय. बागेत असाल तर झाडाखाली न थांबता पक्क्या छपराखाली जा.

वाटेत खानापूर-जांबोटीकडच्या बायका करवंदं घेऊन बसलेल्या दिसतील. त्यांच्याकडून घ्या, भाव पाडू नका. काट्यांतून तोडून आणलेली असतात. घरी धुऊनच मुलांना द्या.

वैशाखातल्या शिवजयंतीला सुट्टी जुळली तर चित्ररथांची मिरवणूक चुकवू नका. लवकर जेवून निघा, कडेची उंच पायरी धरा आणि प्रत्येक मुलाच्या खिशात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी घाला.