पिस्तुलाचा चाप: नुसता सोडतो की ताणतोही?

तुमच्या पिस्तुलाचा चाप (ट्रिगर) कसा काम करतो ते तपासण्याआधी ते रिकामं करा. आधी मॅगझीन (गोळ्यांची पेटी) काढा. मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. हा क्रम चुकवू नका. मॅगझीन आत असताना स्लाइड ओढून सोडली, तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत जाते. रिव्हॉल्व्हरची सगळी घरं तपासा. पॉइंट टू-टू पिस्तुलात डमी काडतूस घाला, नाहीतर गोळी नसताना चाप ओढल्यावर फायरिंग पिन (गोळीला ठोका देणारी सुई) चेंबरच्या कडेवर आदळून ती कड चेपू शकते. मग नळी सुरक्षित दिशेला धरूनच चापाला बोट लावा.

आता एवढंच शोधायचं: हा चाप घोडा (पिनवर आदळणारा हातोडा) नुसता सोडतो, की आधी ताणून मग सोडतो?

कोल्ट १९११ या पिस्तुलाचा चाप नुसता सोडतो. ताणलेल्या घोड्याच्या खाचेत सिअर हा छोटा पोलादी तुकडा अडकलेला असतो. चाप दाबला की सिअर निसटतो, स्प्रिंग घोडा पुढे फेकते आणि तो फायरिंग पिनवर आदळतो. ही सिंगल ॲक्शन. काम थोडं म्हणून ओढ हलकी, पण घोडा पडलेला असेल तर चाप ओढून काहीच होत नाही.

डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढताना घोडा सावकाश मागे जाताना दिसतो, सिलिंडर (गोळ्यांची घरं असलेला गोल भाग) एक घर फिरतो आणि शेवटी घोडा सुटतो. सगळं एकाच बोटाच्या जोरावर, म्हणून ओढ बहुधा ४ ते ५ किलोंची. बेरेटा ९२ या पिस्तुलात घोडा खाली असेल तर पहिली गोळी अशी जड. पुढच्या गोळ्यांना स्लाइडच घोडा ताणून ठेवते. नवशिके इथेच फसतात: पहिल्या गोळीला मनगट झुकतं, दुसरी अपेक्षेआधीच सुटते. पहिल्या जड ओढीचा सराव वेगळा करा.

ग्लॉक पिस्तुलाला बाहेर घोडाच नाही. आतला स्ट्रायकर (घोड्याऐवजी असलेली स्प्रिंगची पिन) स्लाइडने अर्धवट ताणलेला असतो, उरलेलं ताणणं चाप करतो. त्यामुळे प्रत्येक ओढ सारखीच, सुमारे अडीच किलोंची.

चाप मागे दाबून धरा, स्लाइड ओढून सोडा आणि बोट हळूहळू सैल करा. 'टिक्' ऐकू येईल. चाप आणि सिअर पुन्हा जोडले गेले. मधल्या काळात डिस्कनेक्टर नावाचा भाग त्यांना तोडून ठेवतो, म्हणूनच एका ओढीत एकच गोळी सुटते.

स्पर्धेत चापाचं वजन मोजतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण जिंकलं त्या २५ मीटर प्रकारात किमान १००० ग्रॅम लागतात, १० मीटर एअर पिस्तुलात ५००. नळी उभी धरून चापाच्या मध्यावर वजन अडकवायचं आणि सपाट पृष्ठभागावरून उचलायचं. घोडा सुटता कामा नये.

ओढ हलकी करायला सिअर घरी कानसीने घासू नका. त्याची पकड अगदी बारीक असते. ती गेली की स्लाइड बंद होतानाच घोडा पडू शकतो. रिकाम्या पिस्तुलाचा ताणलेला घोडा, चापाला हात न लावता, अंगठ्याने पुढे ढकलून पाहा. तो सरकला तर पिस्तूल थेट आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) न्या, रेंजवर नाही.